हिरवी पट्टी उतरेपर्यंत

वटार,
मे १९७९

प्रिय सालोमी,

एवढे दोन शब्द लिहिले आणि मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. लग्नाला पन्नासावर वर्षं होऊन गेली, पण तुला नावानं हाक मारल्याचं मला काही आठवत नाही. कायम ‘पास्कलची आय’, आणि पास्कल जन्मायच्या आधी नुसतंच ‘अगं’. पत्र लिहायची तर कधी वेळच आली नाही, कारण तू हे घर सोडून चार दिवससुद्धा कुठं राहिली नाहीस. आता हे पत्र तुला रोझमेरी वाचून दाखवणार, म्हणजे आपली नात आधी मनसोक्त हसणार. हस गं बाय, पण वाचताना गाळू नकोस काही. आजीच्या डोळ्यावर हिरवी पट्टी आहे, कानावर नाही. तू एखादी ओळ खाल्लीस तर तिला बरोबर कळेल, आणि मग तिला आणि तुझ्या आईला, आपल्या क्लेमेंटीनला, दोघींना तोंड द्यावं लागेल तुला.

परवा मायकल ऑफिसातून येताना माहीमला उतरून क्लेमेंटीनच्या घरी तुला भेटून आला. शेजारधर्म म्हणून पोरगा वाट वाकडी करून गेला, आणि येताना तुझा निरोप घेऊन आला. डॉक्टरला काय बोलायचं ते बोलू दे, रविवारी पास्कलच्या बेसिलच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे, मी शनिवारी येते, आजवर या घरातलं प्रत्येक पोर मीच देवळात नेलं आहे आणि हेही मीच नेणार. हा निरोप ऐकून मला नवल वाटलं नाही, सरळ संताप आला. उजव्या डोळ्याच्या वेळी तू हेच केलंस. धाकट्या नातवाचं लग्न होतं म्हणून टाके ओले असताना परत आलीस, चुलीच्या धुरात बसलीस आणि वाकून हंडा उचललास. डोळा गेला तो गेलाच. तू त्याबद्दल पुढं चकार शब्द काढला नाहीस. आता एकच उरलाय, त्याचं ऑपरेशन होऊन पुरता पंधरवडा झालेला नाही. वाकायचं नाही, उचलायचं नाही, धूर नको, धक्के नकोत, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि तू वसईरोडला उतरून एसटीत बसायच्या गोष्टी करतेस. तुझा जीव एकट्या बाळात नाही, सगळ्या घरात अडकलाय हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी घरची खबर सांगतो. निवांत पडून ऐक.

घर भरलंय. दर मे महिन्यात भरतं तसंच, पण यंदा जरा जास्तच. मुंबईची आली, आचोळ्याची आली, आपली मुलं, त्यांची मुलं आणि त्या मुलांची मुलं. सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसते. मी नावं घ्यायचं सोडून दिलंय. समोर येईल त्याला ‘ए लंबू’ म्हणतो, तर तिघंचौघं एकदम वळून बघतात आणि ज्याला बोलावलं तो नेमका पसार होतो. फणस कापला की हाताला तेल कुणी लावायचं यावरून भांडण, राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात घातली की राखण कुणी करायची यावरून भांडण. राखण करणाराच जास्त खातो हे सगळ्यांना कळलंय, त्यामुळे राखणीसाठी रांग लागते. मी सकाळपासून ओरडतो. कुणी घाबरत नाही. तू नुसती दारात येऊन उभी राहायचीस तर सगळी गप्प व्हायची, ते मला आयुष्यात जमलं नाही.

वाडीतल्या बावखलाचं पाणी आता उतरलंय, पोरांच्या छातीइतकंच आहे. पास्कल रोज दुपार कलली की लहानांना तिथं पोहायला नेतो. कमरेला दोन सुके नारळ बांधायचे, ती आपली जुनीच रीत. मी काठावर बसून बघतो. मी पास्कलला कसं शिकवलं होतं तुला आठवत असेल, सरळ ढकलून दिलं होतं आणि तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. तो पोरांना ढकलत नाही. पाण्यात उभा राहतो, दोन्ही हात पुढं करतो आणि म्हणतो, ये, एवढंच तर आहे. पोर हातपाय मारत जवळ आलं की हा हळूच एक पाऊल मागं. पुन्हा जवळ आलं की पुन्हा मागं. असं करत करत बेसिलचा ज्युलियस परवा समोरच्या काठाला लागला आणि तिथं पोचल्यावर त्याला कळलं की नारळ कधीच सुटून मागं तरंगतायत. मग रडायला लागला. हसावं की त्याला धरावं ते पास्कलला कळेना. आपला पोरगा पन्नाशीला आला, सालोमी, केस पिकले, पण इतका चांगला बाप आणि आजोबा तो कधी झाला ते मी पाहिलंच नव्हतं. वाडीची कामं सोडून काठावर बसायला मला फुरसत कुठं होती. माझ्याकडून तो हे शिकलेला नाही, एवढं मी लिहून देतो.

मार्थाचं सांगतो. तुझी सून आता तुझ्या तोडीची झाली आहे, आणि हे मी तिला तोंडावर सांगणार नाही, म्हणून तूही सांगू नकोस. पावसाळ्याच्या बेगमीची सुकट घेऊन खाडीवरून पुतळाबाई आली. तू घरात नाहीस असं बघून तिनं भाव चढवला. मार्था पुढं झाली. टोपलीत हात घातला, मूठभर सुकट उचलली, वास घेतला आणि तशीच परत ठेवली, अगदी तू ठेवतेस तशी, ओठ जरासा मुडपून. पुतळाबाई तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, सासू मुंबयला गेली म्हनतात, पन मला तर इथंच दिसते. भाव लगेच खाली आला. मग पुतळाबाई चहा घेऊन बराच वेळ बसली. जाताना मला म्हणाली, म्हातारीच्या डोल्यासाठी जीवदानीला नारल बोललेय, तुमच्या फादरला सांगू नका. मी म्हटलं, फादरला मी सांगत नाही, आणि तू नारळ फोडायला विसरू नकोस.

क्रुसाजवळची प्रार्थनाही चालू आहे. तुला याचीच जास्त काळजी, हे माहीत आहे मला. मे महिना म्हणजे रोज संध्याकाळी अख्खी आळी क्रुसाजवळ जमणार, रोजरी होणार, मग मरियामातेच्या नावांची लितानी, मग ज्या घरची पाळी त्या घरचे उकडलेले चणे. गेल्या मंगळवारी आपली पाळी होती. लितानी सांगायला तू नाहीस, तेव्हा कोण सांगणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मार्थानं कधी चारचौघांत आवाज काढलेला नाही, पण तीच उभी राहिली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागला. आणि मध्यावर एका जागी सगळी आळीच थबकली. मार्था थांबली, बायका थांबल्या, बापे थांबले. का थांबलो ते आधी कुणालाच कळेना. मग माझ्या ध्यानात आलं की नेमकं त्याच ठिकाणी दरवर्षी तू थांबतेस, मागं वळतेस आणि मागच्या पोरांना दम देतेस. सगळे तुझ्या दमाची वाट बघत होते. शेवटी मार्थानं मागं वळून तसाच दम दिला, तेव्हा कुठं लितानी पुढं सरकली. चणे मात्र जरा खारट झाले होते, खोटं कशाला सांगू.

आता बेटी. परळच्या चाळीत वाढलेली मुलगी बेसिलनं करून आणली तेव्हा हिला आपल्या वाडीत करमणार नाही, असं आपण दोघंही म्हणालो होतो. हे वाच रोझमेरी, सगळं वाच, आजीला आठवू दे. ही मुलगी नवव्या महिन्यात अंगणात झाडाखाली खुर्ची टाकून सगळ्या पोरांची शाळा घ्यायची. दुपारच्या उन्हात कुणी बाहेर भटकू नये म्हणून पाढे, गाणी, गोष्टी, काय वाटेल ते. कळा सुरू झाल्या तेव्हा आढीतले आंबे निवडत होती. पिकलेले इकडं, डागी तिकडं. मार्थाला म्हणाली, एवढी रास संपवते मग निघू. मार्थानं आंबे हातातून काढून घेतले म्हणून बरं, नाहीतर पोरगी आढीतच झाली असती. दवाखान्यात ओरडली नाही, कुणाला घाबरवलं नाही. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर पहिलं काय विचारलं असेल तिनं, आजींना कळवलंत का. आपण पारख करताना चुकलो होतो, सालोमी. चांगलं माणूस आलंय घरात.

आणि बाळ. रोझमेरी, इथं जरा सावकाश वाच. पोरगी आहे, गोरी नाही की काळी नाही, गव्हाच्या रंगाची. जावळ भरपूर. झोपेत खालचा ओठ आत ओढून घेते. कान तुझे आहेत, वरच्या टोकाला जरा दुमडलेले, मी दोनदा उजेडात नेऊन बघितलं. रडते कमी, बघते जास्त. कोणी पाळण्याजवळ गेलं की डोळे मोठे करून अशी बघते की माणसानंच ओशाळावं. लहान असताना सगळीच पोरं मला सारखी दिसायची, कारण मी कधी नीट बघितलंच नाही. तू प्रत्येकाचं काही ना काही ओळखून काढायचीस, हे नाक कुणाचं, ही हनुवटी कुणाची. तुला उठता येत नाही म्हणून यंदा ते काम मी करतोय. चुकत असेन, पण कानांचं चुकलेलं नाही.

तर मायकल निरोप सांगून गेला त्या दिवशी जेवताना तोच विषय निघाला. पास्कल म्हणाला, आईला न कळवता उद्याच उरकून टाकू, म्हणजे यायचं कारण उरणार नाही. मार्था म्हणाली, त्या मला जन्मभर माफ करायच्या नाहीत. बेटी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, मान वर न करता म्हणाली, मग थांबूया. सगळ्यांचे हात ताटात थांबले. आपल्या घरात आठवड्यापलीकडे कुठलंही पोर बाप्तिस्म्याविना ठेवलेलं नाही. हा नियम तुझा, आणि तुझ्याहून जास्त माझा. एकट्या ज्युलियसच्या वेळी त्याच्या पादरिनाला, धर्मपित्याला, रजा मिळेना म्हणून थोडा उशीर झाला, तर मी बेसिलला काय काय बोललो होतो ते अख्ख्या वटारनं ऐकलं होतं. तेव्हा आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताट सारून उठलो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. म्हातारपणी देवाशी असा सौदा करू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मिस्सानंतर मी फादरांकडे गेलो आणि रविवारचा बाप्तिस्मा रद्द करून आलो. हेच सांगायला हे पत्र लिहिलं. शनिवारी इथं येऊन काही उपयोग नाही, रविवारी देवळात आपल्या घरचं काहीच नाही. फादर म्हणाले, बॅप्टिस्टबाबा, हे तुम्ही सांगताय? मी म्हटलं, मीच. तुझी पट्टी निघेल, चष्मा येईल, तुला समोरचं माणूस नीट दिसायला लागेल, त्यानंतरच्या रविवारी तू पोरीला उचलून देवळात नेशील. तोवर ती ना ख्रिस्ती, ना दुसरं काही, नुसती आपल्या घरातली. नावही ठेवलेलं नाही, सगळी तिला बाय म्हणतात. पोरीचं बरंवाईट व्हायची वेळ आलीच तर घरचं कुणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं असं फादर म्हणाले, म्हणून मार्थानं आशीर्वादित पाण्याची बाटली पाळण्याच्या उशाशी ठेवली आहे, आणि आता मी उठल्याबरोबर आधी पाळण्याशी जाऊन तिचा श्वास बघतो. एक डोळा या घरानं तुझ्याकडून घेतला, सालोमी. दुसरा मी घराला देणार नाही, देवासाठी म्हणून मागितला तरी देणार नाही, आणि याचा जाब द्यायचा झाला तर तो मी देईन. फादरांनी विचारलं, सालोमीबायला हे चालेल का? मी म्हटलं, अजिबात चालणार नाही, ती मला वर्षभर बोलेल. बोल, हवं तेवढं बोल, पण माझ्याकडे बघून बोल.

तुझाच,
बॅप्टिस्ट