सोमवारचं तांबडं पाणी

स्वतःच्या आजीच्या दारावर खळ लावून नोटीस चिकटवायला माणूस धाडलास, तीबी नेमकी शुभ-लाभावर? लाभ झाकून गेला, नुसतं शुभ उरलं. दोन महिने झाले, खरडते तरी कागद निघत न्हाई. सरकारचं काही टिकत न्हाई म्हणतात, खळ मात्र टिकते.

प्रिय श्रीमंत, आता आशीर्वाद घे. अक्षराला हसू नको. एरवी पत्र समोरची गौरम्मा लिहून देते, गुरुबसप्पा रंगाऱ्याची सून. आज तिला हाक मारायला दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले आन् दोनदा माघारी आले. दुसरीपर्यंतची शाळा, तीबी निजामाच्या टायमाची, तेवढ्यावर लिहून राहिले. कागदावर बोटांचे डाग दिसतील, त्याचं नंतर सांगते.

तू गटाराचा साहेब, नांदेडला ट्रेनिंगला बसलास. तिथं गोदावरीत डबकं तरी दिसत असंल. इथं लातुरात श्रावण निम्मा सरला, नळ आठव्या दिवशी येतो, तोबी आधी खोकतो, मग थुंकतो, मग बंद. आन् नवा जिल्हा वर्षाचा झाला म्हणून समारंभाची गडबड चालू हाय. जिल्हा आला, साहेब आले, जीपा आल्या. पाऊस तेवढा अजून ड्युटीवर रुजू झाला न्हाई.

दोन ओळी लिहिते, उठते, गटार बघून येते, परत बसते. त्यात बघण्यासारखं काय राहिलंय म्हणा. आधी चाळीस घरांचं न्हाणीचं पाणी यायचं, आम्हा रंगाऱ्यांच्या भट्टीचं पाणी त्यात पातळ व्हायचं आन् कुठं गेलं कळायचं न्हाई. आता बाया अंघोळीचं पाणी परातीत धरून त्यात भांडी घासतात. गटाराला उरतं ते धंद्याचं, जसंच्या तसं. गल्लीच्या पलीकडं गटार उघडं पडतं तिथं धुरपताबाई तेच पाणी वळवून पालक-शेपू लावते, तुला ठाऊकच हाय. सोमवारी तिच्या वाफ्यात तांबडं पाणी शिरलं. पालक भाजल्यागत काळा पडला, रंगातल्या सोड्यानं तिच्या पायाला फोड आले. मंगळवारी ती जळकी जुडी तुझ्या टेबलावर आपटून आली. बुधवारी तू दोन माणसं घेऊन गल्लीत आलास, गुरुबसप्पाची गटाराची जोडणी येत्या सोमवारी बंद करा असा हुकूम लिहिलास आन् संध्याकाळी नांदेडची गाडी धरलीस. पाणी जायला वाट न्हाई तर रंगाऱ्यानं भट्टी पेटवायची कशाला? जोडणी बंद म्हणजे चूल बंद. हे तुला मी सांगावं?

तांबडा रंग गुरुबसप्पाचा आन् काळा माझा, नागुबाईचा, हे आपल्या गल्लीतलं कुत्रंबी सांगेल. तूबी तेवढंच सांगितलंस. कुत्र्याला पगार न्हाई, एवढाच फरक.

तुझी ती नोटीस आली तेव्हा सगळी गल्ली हसली होती. म्हणे हौद बांधा, भट्टीचं पाणी त्यात चुना घालून निवळू द्या, गाळ बसला की वरचं पाणी गटारात सोडा, आन् सोडायचा परवाना घ्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. म्हणलं, साहेब घरचा हाय, ज्याचा शेंबूड मी पुसला तो मला परवाना दाखव म्हणणार व्हय? एकटा गुरुबसप्पा हसला न्हाई. साठी उलटलेला माणूस, स्वतः विटा वाहिल्या, हौद बांधला, फळ्यांचं झाकण केलं. बुधवारी तो तुला म्हणाला, एकदा झाकण उचलून बघा साहेब, पाणी निवळूनच सोडतो. साहेब म्हणाला रे तुला, ज्याच्या खांद्यावर बसून तू जत्रा बघितलीस. तू झाकण उचललं न्हाईस. पंचांनी अंगठे दिले, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी माना खाली घातल्या. मीबी त्यातच उभी होते.

आन् हौदाची अक्कल काही तुझ्या ऑफिसची न्हाई. माझी सासू सरजाबाई परसात खड्डा ठेवायची. हंडा उपडा करायचा तो खड्ड्यात, वर राख आन् चुना, तीन दिवस कुणी हात लावायचा न्हाई. दुसऱ्याच्या दारात रंग गेला तर ती जेवत नसे. मग सरकारी गटार आलं, आन् आम्हाला वाटलं आता आपली घाणबी सरकारची झाली. तू दहावीला गेलास, अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून मी तो खड्डा बुजवला आन् त्यावर तुझी खोली उभी केली. गटाराचे कायदे पाठ केलेस ते त्याच खड्ड्याच्या छाताडावर बसून.

आता एक आठव. तू पाढे कुठं बसून म्हणायचास? गुरुबसप्पाच्या भट्टीवर. आन् कोणत्या वारी? सोमवारी. का, तर त्या दिवशी भट्टी थंड असायची. त्याच्या लोकांत सोमवारी बैल जुंपत न्हाईत, तशी त्यानं बापजाद्यांपासून सोमवारी भट्टी पेटवली न्हाई. दुष्काळ असो, लगीनसराई असो. मग सोमवारी त्याच्या घरून तांबडं पाणी कुठून आलं? तो तोंडानं का बोलला न्हाई, असं तू विचारशील. त्याला वाटलं असंल, पोरगं ह्याच भट्टीवर वाढलं, त्याला काय सांगायचं.

तो तांबडा माझा होता. तुमच्या समारंभाच्या मंडपाचं कापड. कंत्राटदार पाण्याचा टँकर घेऊनच आला. माणसाला प्यायला न्हाई, पण झालरीला पाणी हाय. चाळीस वर्षं काळ्याशिवाय हात घातला न्हाई, म्हातारपणी बुद्धी फिरली. सोमवार मीच धरला. गुरुबसप्पा त्या दिवशी देवळात असतो, समोरून कुणी बघणारं न्हाई म्हणून. ओलं कापड टेम्पोनं गेलं आन् हंडे मी गटारात उपडे केले. त्याच्यावर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं तेव्हा तोंड उघडलं न्हाई. तांबडे झालेले हात पदरात घेतले. आन् श्रीमंत, तू ते बघितलंस. माझ्या हाताकडं बघितलंस, मग घड्याळाकडं, आन् चहाला थांबला न्हाईस. दोन दिवस मला बसू देत न्हाई ते हेच. पाणी सोडलं हे माझं पाप हाय, ते मी फेडीन. पण मला झाकायला तुला कुणी सांगितलं होतं? झाकण हौदाला असतं, साहेबाला नसतं.

तुझी ट्रंक आन् टेबल ओसरीत काढून ठेवलंय. सकाळपासून खोलीची फरशी उचकटून राहिले. खड्डा होता तिथंच परत होणार, तू आलास की ओसरीत झोप. धुरपताबाईकडं माझी मी जाते, ती बोलेल ते ऐकते. हे पत्र दुपारच्या गाडीनं पंढरी कंडक्टरच्या हाती देते. उद्या शनिवार हाय, ऑफिसात तार कर, जोडणी बंद करायची ती नागुबाईची. आन् उत्तर मला धाडू नको, गुरुबसप्पाला धाड. कारकुनाचं न्हाई, टाईप केलेलं न्हाई, शिक्क्याचं न्हाई. तू लिही, तुझ्या हातानं. गौरम्मा ते ओट्यावर मोठ्यानं वाचेल, आन् मी समोरच्या ओट्यावर बसून ऐकणार हाय.

तुझीच,
तांबड्या हाताची आजी