घरची चाल

मी, शमशुद्दीन कुतुबुद्दीन जमादार, वय वर्षे ५६, धंदा चित्रपटांना संगीत देणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छाती दुखते, डोके शाबूत आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. बाळासो वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण तो वाचताना हा मरणारा इसम कोण, असेच मला वाटले. म्हणून नव्याने लिहितो.

१. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक मुलगा चमन व मुलगी नजीरा यांना आमच्या शरियतप्रमाणे मिळेल. त्यात मी लुडबूड करत नाही.

२. माझी पेटी नजीराला. एका वारसाला असे वेगळे द्यायचे तर दुसऱ्याची संमती लागते. चमनने ती दिली आहे, सोबत जोडली आहे. सही करताना म्हणाला, "मला काय करायची हाय पेटी? इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू येत न्हाय." पोरगं सरळ आहे. पेटीचा वरचा पंचम जरा चढा लागतो, तो कोणी दुरुस्त करू नये.

३. स्टॉपवॉच आकाराम पोवार यांना. हे क्लॅरिनेट वाजवतात, बावीस वर्षे माझ्या डाव्या हाताला बसले. पडद्यावर घोडा किती सेकंद पळतो ते या घड्याळावर मोजून मी चाल बसवायचो, आणि घोडा थांबला तरी आकारामची फुंकर थांबायची नाही. त्याबद्दल दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतो. घड्याळ ठेवून घ्यावे.

४. आता गोमटेश. गोमटेश भूपाल चौगुले हे नाव सतरा चित्रपटांच्या नामावळीत 'संगीत' या शब्दाखाली एकटे आहे. त्या सतराच्या सतरा चित्रपटांच्या चाली माझ्या आहेत.

मला स्वर लिहिता येत नाहीत. स्टुडिओत भिंतीवर रीळ चालू व्हायचे, मी पेटी पुढ्यात घेऊन बघता बघता गुणगुणायचो आणि गोमटेश ते वहीत उतरून घ्यायचा. त्यावरून बाकीचे वाजवायचे. १९६२ साली पहिला भक्तिपट मिळाला, तेव्हा निर्माते म्हणाले, देवाच्या चित्रपटाला मुसलमानाचे नाव नको. गोमटेश मला बाहेर घेऊन गेला. "शमशू, एवढ्या डाव माझं एकट्याचं लागू दे की. पुढच्याला दोघांचं." मी बरं म्हणालो. पुढच्याला त्याने विषय काढला नाही आणि मी विचारले नाही. जिवाभावाच्या दोस्ताला असे विचारायची लाज वाटली. सतरा वेळा वाटली. पुढे त्याचा सत्कार झाला, त्यात त्याने व्यासपीठावरून मला "आमचा पेटीवाला" म्हटले आणि मी खाली बसून टाळ्या वाजवल्या. हे सगळे मी माफ केले आहे. खरे म्हणजे केलेले नाही, पण मरताना भांडावे एवढे ते मोठे नाही.

५. हे मोठे आहे. १९६८ साली माझी बायको लालबी क्षयाने मिरजेच्या दवाखान्यात पाच महिने होती. तिला झोप लागावी म्हणून मी खाटेशेजारी एक चाल गुणगुणायचो, बिनशब्दांची. बरी होऊन घरी आली तरी रोज मागायची. मी सुचलेली चाल आठवड्यात विसरतो, म्हणून गोमटेशला ती उतरून ठेवायला सांगितली. त्याने माझ्यादेखत पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने 'घरची' असे लिहिले. घरची म्हणजे चित्रपटाला द्यायची नाही, ही आमची रीत. त्याच्या पोरीच्या बारशाला मी केलेली चालही त्याच वहीत तशीच होती. ती चाल मी कधी चित्रपटाला वापरली नाही.

१९७३ साली मी काविळीने पडून होतो, तेव्हा एका चित्रपटाचे पार्श्वसंगीत गोमटेशने वहीतल्या माझ्या जुन्या चालींवर एकट्याने उरकले. चित्रपट लागल्यावर लालबीला घेऊन बघायला गेलो. एक दारुडा गटारात पडतो, उठतो, पुन्हा पडतो. त्याच्यामागे आमची चाल, दुप्पट लयीत. सगळे थेटर हसत होते. लालबी तोंडाला पदर लावून बघत राहिली. घरी येऊन चूल पेटवताना म्हणाली, "दिलीसा न्हवं आमची चाल?"

मी शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी वही मागितली, तर पानाच्या डोक्यावर रबराने खोडल्याचा डाग. गोमटेश म्हणाला, "वेळ न्हवता रं." लालबी त्यानंतर सात वर्षे जगली. तिने ती चाल पुन्हा मागितली नाही. मी दिली असेच चमनलाही वाटते, तोंडावर बोलत नाही एवढेच.

६. म्हणून गोमटेशला निरोप धाडला आहे, की साक्षीदार म्हणून ये, चौथे आणि पाचवे कलम वाच आणि खाली सही कर. माझ्या सगळ्या चाली त्याच्या अक्षरात आहेत. ही एक चाल मी दिली नव्हती, एवढेही त्याच्या अक्षराने कबूल व्हावे. माझ्या मुलांना ते दाखवता आले की मला दुसरे काही नको.

७. वरचे काल लिहिले. आज सकाळी अकराला गोमटेश आला. आकाराम आणि वकील इथेच बसले होते. त्याने सगळे दोनदा वाचले आणि म्हणाला, "पाचवं काढ. बाकी सगळ्याला सही करतो."

"चौथ्यालासुद्धा?"

"चौथ्यालासुद्धा."

सतरा चित्रपट सोडायला तयार झालेला माणूस एका चालीसाठी का अडतो, ते मला कळेना. तसे विचारले. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "वहिनी आलत्या स्टुडिओत. तू काविळीतनं नुकता उठलातास. एकट्याच, घरापासनं चालत आलत्या. म्हणाल्या, भावजी, ह्यांनी दिली का तुम्ही घेतलीसा, तेवढं खरं सांगा. मी म्हटलं, त्यानंच दिली."

"मग?"

"काय न्हाय. पाणी मागितलं. प्याल्या आणि गेल्या."

सही न करता तो गेला.

माझ्या शब्दावर तिने भरवसा ठेवला नाही म्हणून मी सात वर्षे लालबीवर रुसून होतो. तिच्या शेवटच्या आजारातही नीट बोललो नाही. ती तर माझी बाजू खरी ठरावी म्हणून एवढ्या लांब चालत गेली होती.

८. मला लालबीशेजारी पुरावे. गोमटेश मयताला आला तर अडवू नये, पण त्याला खांदा देऊ देऊ नये.

सही: शमशुद्दीन कुतुबुद्दीन जमादार

आम्ही खाली सही करणारे, सातवे कलम घडले तेव्हा याच खोलीत होतो. गोमटेश चौगुले जे बोलले ते आम्ही आमच्या कानांनी ऐकले. शमशुद्दीन यांनी ती चाल दिली नव्हती. त्यांच्या पत्नीला खोटे सांगितले गेले.

साक्षीदार १: आकाराम दत्तू पोवार

साक्षीदार २: बाळासो रामचंद्र इंगवले, वकील

साक्षीदार ३: (जागा कोरी. वकील म्हणतात दोन साक्षीदार पुरेत. तरी गोमटेश जिवंत असेपर्यंत इथे दुसऱ्या कोणी सही करू नये.)

कोल्हापूर, सोमवार, दिनांक १२ नोव्हेंबर १९८४