अस्सल हातसडीचा व्हिडिओ

१८ नोव्हेंबर
कर्जतला छोट्या उद्योजकांचं शिबिर. फुकट. चहा, बिस्किटं. मुंबईचे एक सर म्हणाले, सोशल मीडियावर माल विकू नका, नातं जोडा. खोटं लोकांना लगेच कळतं, म्हणून ऑथेंटिक राहा. शब्द पेनाने तळहातावर लिहून घेतला. घरी येईपर्यंत घामाने अर्धा पुसला, पण अर्थ लक्षात आहे. अस्सल.
निश्चय: रस्त्यावरच्या आपल्या तांदळाच्या टपरीचा ब्रँड करायचा. महिन्याभरात सगळे फार्महाऊसवाले आपले.
ब्रँड झाला की योगेंद्रचं लग्नही जमलंच. पोराची पस्तिशी उलटली. रसायनीच्या कंपनीतलं कंत्राट संपल्यापासून मुलीकडचे एकच विचारतात, मुलगा करतो काय? चौक गावच्या नवनाथरावांनीही तेच विचारलं. पण त्यांची संजना योगेंद्रशी फोनवर बोलते. मार्गशीर्ष लागला की कळवतो म्हणालेत. त्याच्या आत ब्रँड व्हायला हवा.

२० नोव्हेंबर
योगेंद्रने पेज काढून दिलं. नाव मी ठेवलं: धाकलूबाबांचा अस्सल हातसडीचा तांदूळ. तो म्हणाला, बाबा, तांदूळ तर गिरणीतून येतो. म्हटलं, तुझी आजी हातानेच सडायची, म्हणजे घराण्यात आहे. तो म्हणाला, मग गिरणीच दाखवू, मी पोती उचलतो ते दाखवू, खरं तेच हाय ना?
या पोराला मार्केटिंग कळत नाही. गिरणीत बघण्यासारखं काय आहे? खरं दाखवायचं तर आधी त्याची तयारी करावी लागते.
फॉलोअर चार. त्यात एक मी. सर म्हणाले होते, आकड्यांकडे बघू नका. बघत नाही, फक्त मोजतो. बीपीची गोळी घेतली.

२२ नोव्हेंबर
माळ्यावरून मुसळ उतरवलं. उखळातून कोंबड्या पाणी पीत होत्या, ते धुतलं. योगेंद्रच्या आईला, गौराबाईला म्हटलं, नऊवारी नेस आणि कॅमेऱ्यासमोर भात सड. म्हणाली, कंबर तुमची हाय का माझी? एकटीला नाय जमायचं. मग शेजारणी बोलावल्या.
धोंडूबाईने मुसळ हातात घेतलं आणि म्हणाली, बोडकं मुसळ कसं धरायचं गं? लगेच त्याला आंब्याची पानं बांधली, हळकुंड बांधलं. पाच जणी गोल बसल्या आणि गाणं सुरू. सुंदर! मुद्दाम सांगून असं झालं नसतं.
गौराबाई थांबली. अवो, हा लग्नाचा घाणा झाला, लोकं काय समजतील? म्हटलं, गिऱ्हाईक मुंबईचं. त्यांना घाणा काय माहीत?
घाण्याच्या गाण्यात नवरदेवाचं नाव घ्यावं लागतं. कोंडीने सवयीने योगेंद्रचं घेतलं. सगळ्या हसल्या. धोंडूबाई म्हणाली, आता खरंच कर रं पोराचं, धाकलू. योगेंद्र म्हणाला, तेवढं कापून टाकतो. मी कापू दिलं नाही. काटछाट केली तर ऑथेंटिक कसं राहणार?

२३ नोव्हेंबर
सकाळी व्हिडिओ टाकला. दुपारपर्यंत दोन हजारांनी बघितला!! भजी करायला सांगितली.
खाली लोक लिहितायत: अभिनंदन. लय भारी. आमाला इसरू नका. सर म्हणाले होते, प्रत्येकाला उत्तर द्या. प्रत्येकाला लिहिलं, असाच लोभ असावा. एकाने विचारलं, कधी? लिहिलं, लवकरच, सर्वांनी यावे. नवा तांदूळ पॅकिंगला चार दिवस लागतीलच.

२४ नोव्हेंबर
माथेरानहून घोडेवाल्याचा फोन. वरातीला पांढरा घोडा हाय, फटाक्याला बुजत नाय. खोपोलीचा बँडवाला. मग एक मांडववाला टेंपो घेऊनच दारात. नेरळहून बहीण आली आणि ओट्यावर बसून रडली. मी सख्खी आत्या, आन मला मोबाईलवर कळावं?
तांदूळ: एक किलोही नाही. बघणारे सगळे कर्जतचे, खालापूरचे. मुंबईकर हळूहळू येतील.

२६ नोव्हेंबर
नवनाथरावांचा फोन. शांतपणे बोलले. म्हणाले, दुसरीकडे ठरवलंत, हरकत नाय, पण सांगायचं तरी. मी म्हटलं, अहो तो तांदळाचा व्हिडिओ. म्हणाले, तांदळाच्या गाण्यात पोराचं नाव कशाला? आन खाली तुमीच लिवलंय, लवकरच, सर्वांनी यावे. म्हटलं, ते तांदळाबद्दल. ते म्हणाले, बरं, तांदूळ तरी हातसडीचा हाय ना?
नेमका मला खोकला आला.
म्हणाले, राहू द्या.
योगेंद्र समोरच बसला होता. त्याला म्हटलं, रेंज नव्हती, उद्या परत लावतो.

२ डिसेंबर
ते फोन उचलत नाहीत. मोठा माणूस, कामात असेल.
खुलाशाचा व्हिडिओ केला. कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट बोललो, माझ्या मुलाचं लग्न ठरलेलं नाही. एकोणीस जणांनी बघितला. एकाने लिहिलं, अरेरे, मोडलं का? धोंडूबाईच्या सुनेने रडका चेहरा टाकला.
हिंमत सोडायची नाही. सातत्य हवं.
योगेंद्र म्हणाला, पेज बंद करा. उद्या बघू म्हटलं. पूर्वी तो गोठ्यामागे जाऊन तासभर फोनवर बोलायचा. आता कोंबड्यांना पाणी घालतो आणि लगेच परत येतो.

५ फेब्रुवारी
नवनाथरावांचा फोन! मला वाटलंच होतं.
संजनाचं पनवेलला ठरलं. मुलगा परमनंट. घाणा भरायचा आहे, पण त्यांच्याकडे मुसळ नाही, आळीत कुणाकडेच राहिलेलं नाही. म्हणाले, तुमच्या व्हिडिओत बघितलं, जुनं दिसतंय, अस्सल. दोन दिवसांसाठी द्याल का?
नाही कसं म्हणणार? नातं जोडायचं म्हणजे हेच. शिवाय तांदळाचंही विचारून घेतलं. तो घेतलाय म्हणाले.
गौराबाईने मुसळ पुसून तेल लावलं. पानं मात्र बांधली नाहीत, ती ज्यांची त्यांनी बांधायची असतात म्हणाली. योगेंद्र ते मोटारसायकलला आडवं बांधून चौकला देऊन आला. विचारलं, चहा दिला का? म्हणाला, दिला. विचारलं, ती भेटली? म्हणाला, मुसळ परत आणायला तुमी जा.
जेवला नाही.
संध्याकाळी पेज उघडलं. फॉलोअर एक वाढला. नवनाथराव.