कोमट पाण्याचा रकाना

सोमवार, ता. ३

तिसरी मांजर गेली! पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं साधं ऑपरेशन. भूल दिली आणि पाच मिनिटांत श्वास थांबला. डॉक्टरबाई हातमोजे न काढता स्टुलावर बसून राहिल्या. "भूल जास्त झाली का गं माझ्याकडून?"

"नाही हो. पण तपासण्या तर सगळ्या स्वच्छ होत्या," मी म्हणाले. तपासण्या माझ्याच. दवाखान्यात येणाऱ्या जनावरांची विष्ठा तपासणं हे माझं काम. भाची मला 'शी-मावशी' म्हणते.

मंगळवार, ता. ४

डबा खाताना पशुवैद्यांचं मासिक चाळलं. डबा तसाच राहिला. मांजरांच्या फुप्फुसातले जंत — पूर्वी इकडे नव्हते, आता गोगलगायींमुळे पसरताहेत. मांजर वरून ठणठणीत, फार तर खोकते. भुलीखाली मात्र दगावते. आपल्या नेहमीच्या मिठाच्या पाण्याच्या चाचणीत हे जंत सहसा सापडतच नाहीत! विष्ठा फडक्यात बांधून नरसाळ्यातल्या कोमट पाण्यात रात्रभर टांगावी लागते. मग अळ्या तळाशी उतरतात.

आमच्या वहीत त्या चाचणीचा वेगळा रकाना आहे. या तिसरीची घाईत राहून गेली — ही एकच — आणि मी 'स्वच्छ' लिहून मोकळी झाले. नमुना फ्रीजमध्ये आहे अजून. निघताना टांगून आले.

बुधवार, ता. ५

वळवळताहेत. एका थेंबात अकरा!

आणि आधी सांगितलं कुणाला? बहिणीला! भाचीच्या मांजरीचं, टिकलीचं, ऑपरेशन शुक्रवारी होतं. "अजिबात आणू नकोस." "का गं?" "डॉक्टरांना वेळ नाही." धडधडीत खोटं. घरची मांजर तेवढी वाचवली मी. लाज वाटते. पण भीती जास्त वाटते. नोकरी जाईल, नाव जाईल.

गुरुवार, ता. ६

डॉक्टरबाईंना नाही सांगितलं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. डॉक्टरबाई भुलीच्या औषधाची बाटली उजेडात धरून त्यावरचं पुन्हा पुन्हा वाचत होत्या. म्हणाल्या, "ऑपरेशनं सोडून द्यावीत बहुतेक मी."

आणि मी काय म्हणाले? "चहा आणू?"

शुक्रवार, ता. ७, सकाळ

टिकलीची वेळ रिकामी राहिली, ती भरली! निवृत्त पोस्टमनकाका त्यांची मांजर घेऊन आलेत. एकटे असतात, घरात तीच काय ती सोबत. टोपलीत खोकतेय. काका मला म्हणाले, "तुम्हीच तपासणी केलीत ना हिची? मग मला घोर नाही."

वहीत तिच्यापुढे माझ्याच अक्षरात — स्वच्छ.

भूल द्यायला दहा मिनिटं आहेत.

शुक्रवार, दुपार

सांगितलं. मांजर टेबलावरून उतरवली.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. वही पुढ्यात ओढली, कोमट पाण्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "वर्षभराच्या चाचण्या आहेत या. खरोखर किती केल्यास?"

"एकही नाही."

मंगळवारी या रोजनिशीतसुद्धा खोटंच लिहिलं होतं मी.