बादलीतला अर्धा खड्डा

उंद्री, रविवार, दिवेलागण

राग अजून उतरला नाही.

वावरात पाय मोडलेली सापडली म्हणून मी घरी आणलेली आमची सरडी. पोटात अंडे, परवापासून खाणं बंद. आज दुपारी खोलीत तिच्यासाठी लावलेल्या फांदीवरून उतरली अन् मी भरून ठेवलेल्या ओल्या मातीच्या बादलीत खड्डा खणू लागली. नाकाले माती लागलेली. अशा वेळी कोणी दिसलं तर ती काम सोडून देते, अन् अंडे पोटातच अडकले तर मरते. नवऱ्याले दहादा सांगितलं होतं. काऊन ऐकत नसन हा माणूस?

चार दोस्त घेऊन आला, मोबाइलचा लाइट लावून. "या बे, सरडी अंडे देऊन राह्यली!" ती तशीच, नाकाले माती, अर्धा खड्डा टाकून वर चढली. भेवानं काळीठिक्कर पडली.

माझ्या बाळंतपणात हाच दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून होता. म्हणे, "बायांच्या गोष्टी. तिथं माणसाचं काय काम?"

सगळ्यायले हाकललं. दाराले चादर लावली. आता कुठं माती उकरल्याचा आवाज येऊन राह्यला. तर हा दाराशी येऊन हळूच म्हणतो, "पाहू दे न व एकदा."

मी म्हटलं, "बायांच्या गोष्टी आहेत. फाटकाबाहेर बसा."