जिभेच्या डाव्या कडेला

८ जानेवारी
कॅन्सरच! जिभेच्या डाव्या कडेला. तीन महिने मी ‘तोंड आलंय’ म्हणत तूप लावत होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला होता, आज रिपोर्ट आला. लेकीने, सुम्बुलने वाचला आणि कागद उलटा ठेवला. म्हटलं, पोरी, उलटा ठेवून काय होणार? वाच परत. मोठ्याने.
संध्याकाळी वीर स्टेशनला माझी रिक्षा लावलीच. महाडची चार माणसं मिळाली.

९ जानेवारी
कापडे गावच्या राहीबाई रिक्षात. ‘तू तं तंबाखू नाय खात गो, मिश्रीपण नाय. मंग तुला कसा?’ जसं काही मी रांग मोडून घुसले! न खाणाऱ्यांनाही होतो. तुटकी दाढ वर्षभर तिथंच घासत होती, ते कारण असेल — डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की नाही सांगता येत.

१२ जानेवारी
कतारहून दिलावरचा फोन. ‘कापून घेऊ नको. चिपळूणला एक हकीम आहेत, काढ्याने गाठ विरघळते. जीभ कापली तर बोलणार कशी?’
लग्नाला बावीस वर्षं झाली. मी बोलावं असं नवऱ्याला पहिल्यांदाच वाटलं! म्हटलं, मी मुंबईला जाणार. त्याने फोन कापला.

१७ जानेवारी
मुंबई. डॉक्टर प्रियदर्शिनी — माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. कागदावर जीभ काढून दाखवली. गाठ दोन सेंटिमीटर. तेवढी आणि भोवतीची थोडी जीभ काढायची. मानेतल्या गाठीही त्याच वेळी, कारण आजार तिथं लपून बसतो. मग रिपोर्ट बघून रेडिएशनचा शेक द्यायचा की नाही ते ठरणार.
विचारलं, दोन महिने काढा घेऊन पाहिला तर?
‘दोन महिन्यांनी तुम्ही याल तेव्हा एवढंसं कापून भागणार नाही.’
आणि जगणार किती?
‘या टप्प्यावर आलेल्या दहांतले सात-आठ जण पाच वर्षांनी असतात.’
सुम्बुल उरलेल्या दोघा-तिघांसाठी रडली. मी सात-आठांत जागा धरली.

१ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. दिलावरचे नऊ फोन. उचलला नाही.

६ फेब्रुवारी
जीभ आहे! सुजून तोंडभर झालीय, पण आहे. नाकात नळी. मला बोलता येत नाही म्हणून जो तो माझ्याशी ओरडून बोलतो. बहिरी नाही मी!

१९ फेब्रुवारी
रिपोर्ट. जिभेच्या कडा स्वच्छ. मानेतल्या बत्तीस गाठींपैकी एकीत कॅन्सर सापडला. सहा आठवडे शेक, आठवड्याला पाच दिवस. डॉक्टरने खोटा धीर दिला नाही — ‘आता दहांतले सहा धरा.’
पाटीवर लिहून दिलं, सहांत तर सहांत.
बाथरूममध्ये जाऊन रडले. एकदाच.

२३ एप्रिल
शेक संपला. तोंड आतून सोलल्यासारखं. थुंकी नाही, चव नाही, नऊ किलो वजन गेलं. पेज गिळायला अर्धा तास. सुम्बुल समोर बसून राहते. अर्धा तास तर अर्धा तास — वाटी रिकामी करते.

२० मे
वीरला रिक्षा लावली. ‘महाड’ म्हणते, तोंडातून ‘महाल’ निघतं! मागचा एक जण कुजबुजला, ‘बाई प्यालीय काय?’ रिक्षा बाजूला घेतली, ओढणी सारून मानेवरचा व्रण दाखवला. म्हटलं, उतरायचं तर उतरा. उतरला नाही.

२२ मे
दिलावरचा व्हिडिओ कॉल. मानेवरचा व्रण बघितला. मग म्हणाला, ‘तसनीम, हे बघ.’ तोंड उघडलं — नीट उघडेना. गालात आत पांढरा चट्टा, मध्ये लाल. ‘गेल्या रमजानपासून आहे. कापतील म्हणून कुणाला दाखवलं नाही. तुलाही नाही.’
म्हटलं, तिकीट काढ.
‘काय?’
परत म्हटलं. सावकाश. समजलं त्याला.