बोलपटातली यक्षीण

वडगाव, रविवार, १९३९

आज बेळगावात जाऊन तो बोलपट बघितला. ज्या कादंबरीवर काढलाय, ती आप्पांनी मला लहानपणी कितीदा वाचून दाखवली होती. आता दोन वर्षं झाली, त्यांचे डोळे पूर्ण गेलेत. माझीच वाट बघत बसले होते.

"यक्षीण कशी होती रं?" घरात पाय टाकताच विचारलं.

काय सांगणार? कादंबरीत तिचा चेहरा कुणालाच दिसत नाही. तळ्यावर नुसती सावली पडते आणि माणसं वाट चुकतात. इथं पावडर थापलेली बाई, वर गाणंही म्हणते! लोक हसले. पण मी खोटं बोललो. "पुस्तकातल्यागतच, आप्पा. चेहरा दाखवलाच न्हाय."

"व्हय?" आप्पा खूश झाले. "मग ते तळ्याचं पान वाच बघू."

वाचायला लागलो. त्यांनी मान वर केली. हातावर काटा आलेला मला दिसला. "आली बघ," ते हळूच म्हणाले.

मला मात्र ओळीओळीत तो पावडरीचाच चेहरा. का गेलो मी? पुढं वाचवेना.

"का रं थांबलास?"

"दिवा लावतो," म्हणून उठलो. दिवा तर आधीच लावलेला होता.